भवतोषबाबूंचे आयोडीन

ज्या पदार्थाची परीक्षा झालेली नाही, तो आपल्या उंबरठ्याच्या आत आजवर आलेला नाही, असे भवतोष शिकदार सांगत; आणि हे सांगताना त्यांच्या स्वरात जो विनय असे, तो एरवी फक्त विजयी सेनापतींच्या आत्मचरित्रांत आढळतो.

शिमुलडांग्याच्या उच्च माध्यमिक शाळेत त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवले. शिकवले म्हणजे तोंडी सांगून लिहून घेतले. शाळेची प्रयोगशाळा बंद असे, कारण आतल्या बाटल्या फुटण्याचा संभव होता. आणि बाटल्याच फुटल्या तर मुलांनी प्रयोग करायचे कशाने, हा मुख्याध्यापकांचा प्रश्न खरोखर बिनतोड होता. तेव्हा मुले प्रयोग वहीत करत. कृती, निरीक्षण, निष्कर्ष असे तीन रकाने असत आणि तिन्ही भवतोषबाबूंच्या मुखातून पाझरत. 'पिष्टमय पदार्थावर आयोडीनचा थेंब टाकला असता निळा-काळा रंग येतो. तापवल्यास तो जातो व निवल्यावर परत येतो.' हे वाक्य गावातल्या प्रत्येक शिकल्यासवरल्या माणसाने कधी ना कधी सुवाच्य अक्षरात उतरवून काढले होते व त्याबद्दल पैकीच्या पैकी गुण घेतले होते. ज्ञान इतके अबाधित राखण्याची किमया आपल्या शिक्षणपद्धतीखेरीज कुणाला साधलेली नाही; त्याला कुणाचा हातच लागत नाही.

शाळेत न झालेले सगळे प्रयोग निवृत्तीनंतर घरी होऊ लागले. दूधवाला नित्यानंद चरवी खाली ठेवी आणि आरोपी निकाल ऐकायला उभा राहतो तसा दाराशी उभा राही. मोहरीच्या तेलाला नायट्रिक आम्लाचा सामना करावा लागे, तिखटाला पाण्याच्या पेल्यात बुडी घ्यावी लागे. त्यांची पत्नी अनिमा शेजारणींना सांगे, "आमच्याकडे आधी निकाल लागतो, मग पानं वाढतात."

अशा घरातल्या एकुलत्या मुलीने, मितुलने, लग्न ठरवले ते देबू मोदकशी. 'मोदक मिष्टान्न भांडार' हे गावातले सर्वांत जुने मिठाईचे दुकान, आणि देबू तिथला धाकटा मालक. भवतोषबाबूंचे आक्षेप दोन होते. एक म्हणजे मुलगा हलवायाचा. आणि दुसरा, जो त्यांना अधिक बोचत होता, तो असा की देबू त्यांचाच विद्यार्थी असल्यामुळे त्याला रसायनशास्त्र नेमके किती येते हे त्यांना ठाऊक होते.

"बाबा," मितुल म्हणाली होती, "त्याला येत नसेल तुमच्याएवढं. पण तो समोर आलेला घास आधी काचेच्या नळीत घालत नाही. मला तेवढं पुरे."

शेवटी होकार मिळाला, तेव्हा तिने त्यांच्याकडून एक वचन घेतले. लग्नाच्या दिवशी आयोडीनची बाटली कपाटात राहील. भवतोषबाबूंनी वचन दिले, आणि ते पाळायचे असे अगदी मनापासून ठरवले. ते त्यांनी त्या सकाळी दोन-तीन तास पाळले.

लग्नाच्या सकाळी नवऱ्या मुलाकडून तत्त्व आले. तत्त्व म्हणजे वराच्या घरची भेट: उष्टी हळद, साड्या, नथ घालून नवरीसारखा नटवलेला भलाथोरला रोहू मासा, आणि व्याही हलवाई असल्यामुळे संदेशांची, म्हणजे फाडलेल्या दुधाच्या छान्याच्या मिठाईची, तबकेच तबके. ती मिरवत आणणाऱ्यांचा म्होरक्या होता देबूचा मामा निशाकर. तबके कोठीच्या खोलीत मांडली गेली, मामाला लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, वाढल्या गेल्या, बायका मितुलला हळद लावायला अंगणात गेल्या. कोठीची खोली, अर्धवट लोटलेले दार आणि आत निःशंकपणे पसरलेला, कुणीही न तपासलेला एवढा छाना. ऋषींचीही तपे याहून कमी मोहाने मोडली आहेत.

भवतोषबाबू बाटली धोतराच्या निऱ्यांत लपवून आत शिरले. माशाच्या आकाराचा संदेश, शंखाचा संदेश, फुलपाखराचा संदेश: प्रत्येकाचा कण खरवडून त्यांनी थेंब टाकला. रंग पिवळट-तपकिरी राहिला. पिठाचा मागमूस नाही. दुसरे तबक, तिसरे तबक, सगळे निष्कलंक. भवतोषबाबूंना आनंद व्हायला हवा होता. पण आयुष्यभर चोर शोधणाऱ्याला साव भेटले की जी फसवणूक झाल्यासारखी वाटते, तीच त्यांना वाटू लागली.

मग त्यांना कोपऱ्यातले पितळी ताट दिसले. जाळीदार रुमालाखाली टप्प्याटप्प्यांचा एक मनोरा होता; पिवळा, गुलाबी, पांढरा, पाकळ्यापाकळ्यांनी मढवलेला. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांपासून लपवून ठेवलेला. इथेच हात मारला असणार, हे त्यांच्या अनुभवी मनाने तत्क्षणी ओळखले. खरवडत बसण्याइतका धीर उरला नव्हता. त्यांनी बाटली शिखरावरच तिरकी केली.

मनोरा कळसापासून पायथ्यापर्यंत काळा-निळा झाला.

विजयाने माणूस शांत होतो. भवतोषबाबू शांतपणे बाहेर आले आणि निशाकरमामासमोर बसले. मामाच्या हातात सहावी की सातवी लुची होती.

"घ्या, अजून घ्या," भवतोषबाबू म्हणाले. "लुचीत भेसळ नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्यात आहे ते तुम्ही आणलंत. संदेशात पीठ आहे. चाचणी केली मी."

मामाचा घास गालातच राहिला. "कसली चाचणी? काय झालं चाचणीत?"

"जे व्हायला नको ते झालं. निरीक्षण सांगून तुम्हाला कळायचं नाही. निष्कर्ष सांगितला, तेवढा बस आहे."

जन्मभर त्यांनी मुलांना निष्कर्षच दिले होते. व्याह्यांना वेगळी वागणूक देण्याचे कारण नव्हते. मामाने हात पुसला, फोन उचलला आणि दुकानात आपल्या मेव्हण्याला, म्हणजे देबूच्या वडिलांना, कळवले, "जामाईबाबू, मास्टर म्हणतो आपण भेसळ करतो. हो. संदेशात. हो, आजच म्हणतोय, मी काय करू."

त्याच वेळी कोठीतून किंकाळी आली.

ती होती ननीबाला पिशीमाची, म्हणजे भवतोषबाबूंच्या थोरल्या विधवा बहिणीची. "अगं धावा गं, श्री काळी पडली!"

इथे हे सांगणे भाग आहे की बंगाल्यांच्या लग्नात मांडवात ठेवायला घरच्या सवाष्णी तांदळाच्या पिठाचा एक रंगीत मनोरा करतात. त्यालाच श्री म्हणतात. तो खायचा नसतो. तो शुभाचे रूप असतो, त्याला तडासुद्धा जाऊ द्यायचा नसतो. अनिमा आणि तिच्या जावा दोन दिवस तो घडवत होत्या, एकाच छपराखाली, भवतोषबाबूंच्या डोळ्यांसमोर तांदूळ भिजवून, वाटून, रंगवून. पण बायका कोठीत काय करतात याकडे पाहणे हे भवतोषबाबूंच्या विद्वत्तेत बसत नव्हते. तांदळाच्या पिठात पिष्ट असते हा शोध त्यांनी अशा रीतीने, स्वतंत्रपणे, लावला होता.

कोठीच्या दारात बायकांची गर्दी जमली होती. अनिमा भिंतीला टेकून खाली बसली होती. हळदीने माखलेली मितुल मागून टाचा उंचावून बघत होती.

"वरून काळं ओघळलंय बघ," पिशीमा सांगत होती, "जणू कुणी डोक्यावर काजळ ओतलं. पोरीच्या नशिबात काय वाढून ठेवलंय कोण जाणे. पुरोहितांना बोलवा. आजची घटका टाळायला लागणार."

"टाळायची म्हणजे?" मितुलचा आवाज चिरकला. "पुढचा मुहूर्त दोन महिन्यांनी आहे, पिशी."

"दोन महिने थांबलीस तर मरणार नाहीस. या श्रीवर लग्न केलंस तर..."

भवतोषबाबूंनी तोंड उघडले. खरे एका वाक्यात सांगता आले असते. पण त्या वाक्यानंतर निशाकरमामासमोर दुसरे वाक्य बोलावे लागले असते, आणि मितुलसमोर तिसरे. त्यांनी तोंड मिटले. त्यांना आपलेच सुवाच्य वचन आठवले: तापवल्यास रंग जातो.

"सगळ्यांनी बाहेर व्हा," ते म्हणाले. "दमट हवेचा परिणाम आहे. बुरशी."

नवरीला सजवायला आलेल्या रुमकीकडून त्यांनी केस वाळवायचा ड्रायर मागून घेतला आणि श्रीवर गरम वारा सोडला. काळेपणा हटू लागला. शिखर गुलाबी झाले, पाकळ्या पिवळ्या झाल्या. दाराच्या फटीतून पाहणाऱ्या पिशीमाने हात जोडले. शंख फुंकला गेला, बायकांचा मंगल उलूध्वनी झाला, अनिमा रडता रडता हसली. एका थोराड काकूने ड्रायरलाच नमस्कार केला. पुरोहितांना आत आणले गेले आणि सगळी हकिगत ऐकून त्यांनी मान डोलावून श्रीकडे पाहिले.

श्री पुन्हा काळी होत होती.

निवल्यावर परत येतो. हे वाक्य भवतोषबाबूंनी दरवर्षी सांगितले होते. पण हे खरोखर घडत असते, अशी शंका त्यांना कधी आली नव्हती.

"ही साधी गोष्ट नव्हे," पुरोहित मागे सरकत म्हणाले. "गेलेलं परत आलंय."

आता उरले लिंबू. लिंबाच्या रसाने आयोडीनचा रंग कायमचा जातो, हे त्यांना माहीत होते. पण बुरशी म्हणून सांगितल्यावर लिंबू पिळायचे कोणत्या तोंडाने? ज्या माणसाने घरात कधी काळी तीट लावू दिली नव्हती, तो माणूस पिशीमाच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "दिदी, दृष्ट लागलीय. गंधराज लिंबू उतरवून रस शिंपड."

पिशीमाने त्यांच्याकडे असे पाहिले, जणू वाया गेलेल्या भावाने मरताना का होईना देवाचे नाव घेतले होते. "बघ भबा, शेवटी आलास ताळ्यावर."

लिंबू उतरवले, रस शिंपडला, श्री उजळली आणि उजळलेलीच राहिली. पुरोहितांनी घटका कायम केली. भवतोषबाबू घाम पुसत ओसरीवर आले, तोच फोन वाजला.

"मास्टरमोशाय, मी देबू."

"बोल."

"बाबा तुमच्याकडे यायला निघालेत. गल्ल्यावरचा संदेश घेऊन. म्हणाले, तत्त्वाचा नको, रोज गावाला विकतो तोच सगळ्यांसमोर तपासू दे."

"मग तपासतो. मी श्रीवर... मी माझी चूक कबूल करीन."

पलीकडे देबूने आवाज खाली आणला. "तत्त्वाचा वेगळा होता, मास्टरमोशाय. गल्ल्यावरच्यात आरारूट असतं. गेल्या दुर्गापूजेपासून. छाना परवडेना. बाबांना ठाऊक नाही. कळलं तर ते स्वतःच्या हाताने शटर ओढतील आणि मला घराबाहेर काढतील."

"अरे, पण आरारूट आयोडीनने निळं पडतं. तुला मी शिकवलं होतं."

"पाठ आहे ना. म्हणून तर तुमच्याकडे कायम वेगळा डबा पाठवत होतो."

भवतोषबाबूंना आयुष्यात प्रथमच एका विद्यार्थ्याने ज्ञानाचा उपयोग केलेला आढळला. त्यांना नेमके काय वाटावे हे ठरवायला वेळ मिळाला नाही, कारण फाटकात पांचूगोपाल मोदक उभे होते.

पांचूगोपाल आडव्या बांध्याचे, गोरेपान, आणि रागाने दुधी भोपळ्याचा लाल भोपळा झालेले. हातात संदेशाची परात. मागे वाटेत गोळा केलेले अर्धे गाव: नगरसेवक बिमानबाबू, औषधाच्या दुकानाचा मालक अघोर, आणि शाळेतला नवा रसायनशिक्षक प्रणवेश, जो स्वतः एम.एस्सी. होता. सगळे भवतोषबाबूंचे विद्यार्थी. निशाकरमामा पुढे होऊन जामाईबाबूंच्या बाजूला उभा राहिला.

"बसा ना," भवतोषबाबू म्हणाले.

"बसायला नाही आलो. माझ्या आज्याने या हाताला छाना मळायला शिकवलं. आमच्या घरात पिठाचा हात छान्याला लागला तर हात धुवत नाही, छाना फेकतो. आणि तुम्ही माझ्या मेव्हण्याला लुची खाताखाता भेसळखोर ठरवता?"

"गैरसमज..."

"गैरसमज नाही, चाचणी! तुमचाच शब्द आहे तो. करा चाचणी. इथं, सगळ्यांदेखत. पीठ निघालं तर मी आज दुकान बंद करतो, आणि भेसळखोराचा पोरगा मास्टरच्या पोरीला शोभत नाही, म्हणून लग्नही बंद. नाही निघालं, तर संध्याकाळी मांडवात उभं राहून सांगायचं, मोदकांचा छाना शुद्ध आहे. आणा ती बाटली."

"कशाला उगाच," अघोर म्हणाला, पण जागचा न हलता. शिमुलडांग्यात फुकटचा तमाशा रोज होत नसे.

खिडकीत मितुल उभी होती. हळद वाळून तिच्या गालांवर चिरा पडल्या होत्या. तिने बापाच्या निऱ्यांकडे पाहिले, जिथून बाटली बाहेर येत होती, आणि सकाळपासूनचे सगळे तिला एकदम समजले. तिने खिडकीचा गज धरला, एवढेच.

परातीतला एक संदेश भवतोषबाबूंनी बशीत घेतला. बाटली तिरकी करायला त्यांनी नको इतका वेळ लावला, आणि ती शास्त्रीय सावधगिरी आहे असा सगळ्यांचा समज झाला. थेंब पडला. क्षणभर तपकिरी दिसला. मग कडेने निळा, मग मधे जांभळा, मग सगळाच शाईसारखा काळा. वहीत लिहिलेल्या शब्दाला शब्द जुळत होता. निरीक्षण इतके स्वच्छ, इतके निर्विवाद, त्यांनी आजवर कुणाच्या घरी पाहिले नव्हते.

"रंग आला," बिमानबाबू कुजबुजले.

"आला," पांचूगोपाल म्हणाले. आता त्यांचाही आवाज उतरला होता. "म्हणजे काय? बोला. म्हणजे काय?"

भवतोषबाबूंनी खिडकीकडे पाहिले नाही.

"शुद्ध," ते म्हणाले. "निळा-काळा रंग हे शुद्ध छान्याचं लक्षण आहे."

आणि ते थांबले. समोर त्यांनी घडवलेली माणसे उभी होती. त्यांच्या वह्यांवर लाल शाईने सही केलेली माणसे. कुणीतरी हरकत घेईल, घ्यायलाच हवी. तशी ती घेतली गेली तर लेकीचे लग्न मोडणार होते, तरीही त्यांच्या आतला मास्तर त्या एका हरकतीची वाट बघत राहिला. प्रणवेशने कपाळाला आठ्या घातल्या, तोंड उघडले.

"बरोबर," प्रणवेश म्हणाला. "अकरावीला आहे हे."

"मला तर अजून पाठ आहे," अघोर म्हणाला. "निळा-काळा. पाच गुणांना यायचं."

"कुणी शिकवलं आपल्याला?" बिमानबाबूंनी गर्दीकडे वळून विचारले, जणू भाषणच होते. "मास्टरमोशायांनी."

निशाकरमामाला मात्र लुची आठवली. "मग सकाळी काय झालं होतं?"

"सकाळी रंग आलाच नाही. आयोडीन जुनं होतं."

"मघाशी श्रीवर आला होता तोच रंग हा," पिशीमा दारातून म्हणाली. "म्हणजे श्रीसुद्धा शुद्धच झाली होती म्हणायची." पण ती शाळेत गेलेली नसल्यामुळे तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही.

पांचूगोपालांनी परात खाली ठेवली आणि व्याह्यांना अशी मिठी मारली की बाटली दोघांमध्ये चिरडता चिरडता राहिली. तो काळा संदेश त्यांनी स्वतःच्या हाताने भवतोषबाबूंच्या तोंडासमोर धरला. लोकांनी आयोडीन विषारी असते म्हणून आवरले, तेव्हा परातीतला दुसरा भरवला. भवतोषबाबूंनी तो गिळला. संध्याकाळी मांडवात उभे राहून त्यांनी ते वाक्य पुन्हा सांगितले, माइकवर, कारण व्याह्यांनी माइक आणवला होता. मितुल देबूच्या शेजारी बसून हसत होती, आणि ते हसू पाहून आपण केले ते योग्यच केले, असे भवतोषबाबूंना रात्रभर वाटत राहिले.

पण शिमुलडांग्याने ते वाक्य फार मनावर घेतले. अघोरच्या दुकानातले आयोडीन संपले. गिऱ्हाइके खिशात बाटली घेऊन मिठाईच्या दुकानांत शिरू लागली. थेंब टाकला आणि संदेश निळा झाला की 'वा' म्हणत, तपकिरी राहिला की दुकानदाराच्या अंगावर धावून जात. मोदकांच्या दुकानापुढे रांगा लागल्या. बाजारपेठेतल्या सनातन घोषाने, ज्याने आयुष्यात छान्यात छान्याखेरीज काही घातले नव्हते, भेसळखोर म्हणून दोनदा शिव्या आणि एकदा मार खाल्ला. तिसऱ्या आठवड्यात त्यानेही आरारूटाचे पोते आणले, आणि त्याची अब्रू परत आली.

ते ऐकले त्या दुपारी भवतोषबाबू शाळेत गेले. मन घट्ट करून, छत्री मिटून, ते प्रणवेशसमोर उभे राहिले.

"त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. निळा रंग म्हणजे पीठ. उलटं आहे सगळं. मुलांना नीट सांग."

प्रणवेशने त्यांना खुर्ची दिली, पंख्याचा वेग वाढवला आणि त्यांच्या गुडघ्यावर हळुवार हात ठेवला, जसा म्हाताऱ्या आप्ताच्या ठेवतात.

"मास्टरमोशाय, वय झालं की होतं असं. तुमच्या वेळी तुम्ही सांगायचात आणि आम्ही लिहून घ्यायचो, त्यामुळे घोटाळा व्हायला वाव होता. आता तसं राहिलं नाही. आता मुलं दुकानातून स्वतः शुद्ध छाना आणतात, स्वतः थेंब टाकतात, स्वतःच्या डोळ्यांनी निळा रंग बघतात."

त्याने टेबलावरचा डबा उघडून पुढे केला.

"प्रत्यक्ष प्रयोगापुढे कुणाचं चालतं का? घ्या, एक संदेश घ्या."

भवतोषबाबूंनी घेतला. चव चांगली होती.